दोन किलो कडता : रताळी विकायला सोसायटी काढावी काय?

रताळेवाला (धागाकर्ता)

मंडळी, दोन वर्षं इथं नुसता वाचतोय. आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. लांबणार आहे.

आम्ही बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडचे. उचगाव, बेकिनकेरे, बेळगुंदी ही पट्टी ज्यांना माहीत आहे त्यांना इथली तांबडी माती आणि रताळी यांची सोयरीक सांगायला नको. पाऊस लागला की वेल लावायचा, नवरात्राच्या तोंडाला काढणी सुरू. तिकडं उत्तरेत उपवास धरतात आणि आमची रताळी ट्रकानं दिल्लीपर्यंत जातात. जातात म्हणजे आम्ही पाठवत नाही. आम्ही बेळगावच्या मार्केटला नेऊन टाकतो, पुढचं दलाल बघतो.

दलालानं दिलेली यंदाची एक हिशेबाची पट्टी समोर घेऊन बसलोय. माल ४२ पोती. घरी भरताना मी आणि भावानं प्रत्येक पोतं तोललं होतं, ५२ किलो. पट्टीवर ५०. दोन किलो कडता, म्हणजे वजनातली काट. विचारलं तर उत्तर ठरलेलं, 'माती असते ओ.' ४२ पोत्यांचे ८४ किलो झाले. रताळी झाडून, सावलीत वाळवून भरलेली. दरवर्षी एवढी माती खरंच मार्केटला गेली असती तर एव्हाना आमच्या वावराचं तळं झालं असतं. कडत्याच्या खाली हमाली, तोलाई, गाडीभाडं, कमिशन आणि सगळ्यात शेवटी 'उचल वजा ३०,०००'.

खरी गोम त्या शेवटच्या ओळीत आहे. जूनमध्ये नांगरट, खत, पोरांची फी सगळं एकदमच दारात येतं. दलाल एका फोनवर तीस हजार देतो. कागद नाही, जामीन नाही, व्याजही नाही. फक्त माल त्याच्याकडंच टाकायचा, आणि शेजारच्या गाळ्यात काय दर निघाला ते विचारायचं नाही. व्याज नाही असं आम्ही वीस वर्षं समजत होतो. आता वाटतंय, ते कडत्यात होतं.

यंदा माझी उचल फिटली. तीन गावांतले आम्ही ३४ जण म्हणतोय की पुढच्या हंगामात माल एकत्र करून आपणच विकायचा. प्रश्न असे, की सोसायटी काढायची की कंपनी? जूनमधली उचल कोण देणार? आणि वडील म्हणतात ते, 'सोसायटी काढशील, मग निवडणूक येईल, मग पॅनेल येईल, मग चुलत्याच्या घरचं जेवण बंद.' यावर कुणाकडं उत्तर असलं तर सांगा.

टिळकवाडी७

दादा, एकविसाव्या शतकात सोसायटी? एक पेज काढा, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घ्या, थेट ग्राहकाला विका. पुण्यात रताळं काय भावानं मिळतं बघा एकदा.

रताळेवाला

भावा, ३४ जणांचा माल दोन आठवड्यांत निघतो. एका ट्रकाला पुरून उरतो. पाच-पाच किलोच्या पिशव्या करून कुरियर करायला बसलो तर शिवरात्र येईल. आणि रताळं धुऊन चकचकीत केलं की चार दिवसांत काळं पडतं. पुण्यातल्या ग्राहकाला मातीचं चालत नाही, आम्हाला धुतलेलं परवडत नाही.

हिडकलकाठ

सोसायटी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर थकबाकीदारांची यादी लावलेला फळाच येतो. आमच्या हुक्केरी तालुक्यात या, घरातली लाईटच सोसायटीची आहे. जिल्ह्यात बाकी सगळीकडं हेस्कॉम ही सरकारी वीज कंपनी, आमच्याकडं हुक्केरी ग्रामीण वीज सहकारी संघ, १९६९ पासून. त्या वेळी देशात प्रयोग म्हणून पाच तालुक्यांत अशा वीज सोसायट्या काढल्या होत्या. गुजरातेत कोडिनार, आंध्रात सिरसिल्ला, उत्तर प्रदेशात लखनौकडं एक, नगर जिल्ह्यात मुळा-प्रवरा आणि आमची. मुळा-प्रवरेचा परवाना २०११ मध्ये गेला. आमची अजून आहे.

सगळं गोड आहे असं म्हणत नाही. निवडणूक लागली की तालुक्यात विधानसभेपेक्षा जास्त जीपगाड्या फिरतात. पण रात्री फ्यूज उडाला तर शिव्या द्यायला ओळखीचा माणूस असतो, ही सोय कमी समजू नका. वीज विकणं जमतं तर रताळी विकणं काय अवघड आहे?

शहापूरची सून

मी थोडं कडू बोलणार आहे.

आमचं घर विणकरांचं. चार पॉवरलूम, साड्या. नवरा रोज संध्याकाळी पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे रोजची बचत, भरायचा, कधी पन्नास, कधी शंभर. एजंट आमच्याच गल्लीतला, घरात येऊन चहा पिऊन पुस्तकात आकडा लिहून जायचा. सात वर्षांत १,८५,००० जमले. मुलीच्या लग्नासाठी ठेवले होते. मग एका सकाळी शटर खाली. आधी म्हणाले आठ दिवस, मग म्हणाले ऑडिट, आता तीन वर्षं झाली, दर दिवाळीला पाच हजार हातावर ठेवतात.

तिथंही सगळं 'आपल्या माणसांचं' होतं. चेअरमन आपला, भाषा आपली, भिंतीवर शिवाजी महाराजांचा फोटो. त्यांच्या घरच्या लग्नात आम्ही जेवून आलोय. बँक आणि पतसंस्था यांत काय फरक असतो हे मला पैसे अडकल्यावर कळलं. बँक बुडाली, अगदी सहकारी बँक असली, तरी ५ लाखांपर्यंत ठेवीला विमा असतो. पतसंस्थेला तो विमा नाही. बोर्डावर अक्षरं तेवढीच मोठी असतात.

म्हणून सांगते, रताळेवाले भाऊ, 'समाजाच्या मालकीचं' हा शब्द ऐकला की मी आधी पर्स घट्ट धरते.

टिळकवाडी७

ताई, वाईट वाटलं. पण मग हेच तर मी म्हणतोय...

जुना हिशेबनीस

टिळकवाडी, जरा थांबा. ताईंचं बरोबर आहे, पण त्यावरून निघणारा तुमचा अर्थ चुकतो. मी सहकारी संस्थांचं ऑडिट करण्यात ३१ वर्षं घालवली. पैसे खाल्लेली दफ्तरं पाहिलीत, तशीच एकेक रुपया लावलेलीही. बुडालेल्या जवळपास प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट सारखी होती. सभासद आणि गिऱ्हाईक वेगळे झाले होते. ताई, तुमच्या घरच्यांनी पिग्मी भरली, पण वार्षिक सभेला कधी कुणी गेलं होतं का? 'नाममात्र सभासद' असा शिक्का होता ना पुस्तकावर? त्या शिक्क्याचा अर्थ, पैसे ठेवा पण मत नाही.

आता रताळेवाल्यांच्या पट्टीतली शेवटची ओळ. आपल्याकडं सहकार आला तोच त्या ओळीमुळं. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, दंगे पसरले. सरकारनं चौकशा केल्या, कायदे केले आणि अखेर १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. त्या कायद्याखाली फक्त कर्ज देणारी संस्था काढता येत होती, दुसरी नाही. देशातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी एक १९०५ मध्ये कणगिनहाळला निघाली. हे गाव गदगजवळ, तेव्हा धारवाड जिल्हा, मुंबई इलाखा. बेळगावहून सकाळी निघालात तर बघून रात्री घरी. माल विकायची, खरेदीची संस्था काढायची मुभा १९१२ च्या कायद्यानं मिळाली.

पण नुसत्या कर्जानं भागत नाही हे पन्नास वर्षांनी कळलं. रिझर्व्ह बँकेनं १९५१-५२ मध्ये देशभर पाहणी केली, तेव्हा शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा निघाला ३.१ टक्के. सावकारांचा जवळपास ७०. त्या समितीचं म्हणणं असं, की कर्ज देणारी आणि माल विकणारी संस्था एकमेकींना बांधल्या पाहिजेत. पीक हेच तारण, आणि विक्रीतूनच वसुली. तुमचा दलाल नेमकं हेच करतो. कर्ज आणि विक्री त्यानं एका हातात धरलीय. त्याला सहकाराचा सिद्धांत तुमच्या-आमच्यापेक्षा चांगला कळलाय.

रताळेवाला

काका, शेवटचं वाक्य वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, 'हे गृहस्थ कधी मार्केटला उभे राहिलेत वाटतं.'

चंदगडी

मी पलीकडचा. १९५६ पर्यंत आमचा चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता, मग कोल्हापुरात गेला. सासुरवाडी तुमच्या बाजूलाच आहे, म्हणजे दोन्हीकडच्या शिव्या खातो.

सोसायटी म्हणजे काय हे मला पुस्तकातून नाही, दिवाळीच्या फरकातून कळलं. आमच्याकडं दोन म्हशी, गावच्या डेअरीला दूध. दहा दिवसाला बिल येतं, फॅटवर. त्यातून वैरण, पेंड वजा. वर्षभर जगायला तेवढंच. पण दिवाळीच्या आधी संघ हिशेब करतो आणि उरलेल्यातून लिटरमागं इतके पैसे अशा हिशेबानं फरक वाटतो. ज्यानं हजार लिटर घातलं त्याला हजाराचा, ज्यानं शंभर घातलं त्याला शंभराचा. शेअर दोघांचा सारखाच असला तरी. आई त्या पैशातून घरातल्यांचे कपडे करते. आमच्या घरात 'फरक आला काय?' म्हणजे दिवाळी आली काय.

खाजगी डेअरीवाला दहा दिवसाच्या बिलाला कधीकधी रुपया जास्तच देतो. पण वर्षाअखेर जे उरतं ते त्याचं. तिथं फरक नाही. माझ्या मते सगळी भानगड या एका शब्दात आहे.

जुना हिशेबनीस

चंदगडी, अगदी मुळावर बोट ठेवलंत. इंग्लंडात रॉचडेल नावाच्या गिरणगावात १८४४ साली २८ माणसांनी, त्यांत बरेच विणकर, एक दुकान काढलं. लोणी, साखर, पीठ, मेणबत्त्या एवढाच माल. त्या काळी दुकानदार पिठात भेसळ करायचे, मापात मारायचे. यांनी ठरवलं, माल शुद्ध, माप पुरं, आणि जो नफा उरेल तो ज्यानं जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत. मत मात्र माणशी एक. तुमच्या आईच्या दिवाळीचा नियम तोच आहे.

कंपनीत नफा शेअरच्या मागं जातो, मतही शेअरच्या मागं. सोसायटीत नफा व्यवहाराच्या मागं आणि मत माणसाच्या मागं. शेअरवरच्या लाभांशाला कायद्यानं कमाल मर्यादा घातली आहे ती त्यासाठीच. शिवाय नफ्यातला निदान चौथा हिस्सा राखीव निधीत ठेवावाच लागतो, तो वाटून खाता येत नाही.

निपाणीकर

फरकाचं ठीक. आमच्या तंबाखूत फरक नाही, वजावट आहे. १९८१ ला निपाणीला शेतकरी बायकापोरांसह हायवेवर बसले होते, पुणे-बंगळूर रस्ता बंद. गोळीबार झाला, माणसं गेली. माझे आजोबा त्या गर्दीत होते. त्यांच्याकडून ऐकलेलं असं, की व्यापारी वखारीत तंबाखूच्या बोदात हात घालायचा, वास घ्यायचा आणि एक आकडा सांगायचा. तो आकडा हाच दर. पैसे सवडीनं.

आंदोलनानं दराची गोष्ट निदान चारचौघांत आली, नाही म्हणत नाही. पण आमच्या घरचा तंबाखू आजही व्यापाऱ्याच्याच काट्यावर चढतो. रस्त्यावर बसायला हजारो आले, काट्याजवळ रोज बसायला कुणी आलं नाही. उसाचंही बघा. २०२५ च्या नोव्हेंबरात गुर्लापूर क्रॉसवर टनाला ३,५०० मागितले, तोडगा निघाला ३,३०० वर. पुढच्या हंगामात परत तंबू.

कट्टर७६

हे सगळं सीमाप्रश्न सुटत नाही तोवर बोलून उपयोग नाही. आधी नोटीस मराठीत येऊ दे, मग सोसायटीचं बघू.

मलप्रभातीर

कट्टर भाऊ, मी उत्तर देऊ? माझी मातृभाषा कन्नड आहे. मराठी शाळेत नाही, खानापूरच्या बाजारात शिकलो. चुकलं तर हसा, पण वाचा.

आमच्याकडं मिरची आणि कापूस. कडता आहे. दोन किलोच आहे. दलालानं माझी भाषा बघून दीड किलो केला नाही.

नोटिशीचं मात्र तुमचं खरं आहे आणि ते लहान नाही. आमच्या गावच्या कृषी पत्तीन संघात, म्हणजे शेतीकर्जाच्या सोसायटीत, निम्मे सभासद मराठी. पोटनियम कन्नडमध्ये, सभेची नोटीस कन्नडमध्ये. मराठी म्हातारे नोटीस घेऊन पोराकडं जातात, पोरगं पुण्यात. मग सभेला कोण येणार? आणि आपल्या राज्याच्या कायद्यात सभांना ठराविक हजेरी नसेल, संस्थेशी व्यवहार नसेल तर मतदार यादीतून नाव जातं. निवडणूक आली की यादी लागते आणि मग वकील धरून लोक धारवाडला हायकोर्टाच्या पायऱ्या चढतात, मत मिळवायला. एक नोटीस वाचता आली नाही, त्याची किंमत एवढी.

आम्ही गेल्या वर्षीपासून एक केलंय. इतिवृत्त सहकार खात्याला लागतं तसं कन्नडमध्ये, पण नोटीस आणि ताळेबंदाचं एक पान मराठीत करून मारुतीच्या देवळात आणि दूध डेअरीत चिकटवतो. भाषांतर मी करतो, शुद्धलेखन मास्तर तपासतात. सप्टेंबरच्या सभेला पूर्वी साठ माणसं यायची, यंदा हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या.

कट्टर७६

ठीक आहे. तुम्ही केलंत ते चांगलं केलंत. पण हे सरकारनं करायला पाहिजे, तुम्ही का?

मलप्रभातीर

पाहिजेच की. तोवर डेअरीतला गोंद आहे.

संपादक

सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे, तिथं ४०० प्रतिसाद झालेत. इथं रताळी.

बेळगुंदीची लेक

सगळे दादा-काका बोलताहेत, एक विचारू? या ३४ जणांत बायका किती?

वेल कोण लावतं, तण कोण काढतं, रताळी उकरून माती कोण झाडतं? ती ८४ किलो माती ज्यांनी झाडली त्यांचं सभासदत्व कुठाय? आमच्या गावात सोसायटीचा सभासद व्हायला उतारा मागतात. उतारा सासऱ्याच्या नावे, नाहीतर नवऱ्याच्या. झालं, बाई बाहेर. आमच्या स्त्रीशक्ती संघात वीस जणी आहोत. दर आठवड्याला पन्नास रुपये, वही एक, कुलूप एक, किल्ल्या तिघींकडं. अकरा वर्षांत एक रुपया इकडचा तिकडं झाला नाही. का, तर वही दर गुरुवारी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचतात. चेअरमन वगैरे कुणी नाही, ज्या घरी बसू तिथं चहा.

रताळेवाला

ताई, खरं सांगतो, दोन. त्यातली एक माझी बायको, आणि तिचं नाव मी तुमचा प्रतिसाद वाचल्यावर घातलं.

बेळगुंदीची लेक

म्हणजे एकच होती. 😀

शहापूरची सून

लेकीचं वही वाचायचं मला पटलं. आमच्या त्या संस्थेत सात वर्षांत कुणी काही मोठ्यानं वाचलं असतं तर बरं झालं असतं. नेहमी 'मंजूर, मंजूर' आणि वड्याची प्लेट.

रताळेवाला

हिशेबनीस काका, मूळ प्रश्नावर येतो. सोसायटी, सौहार्द, मल्टिस्टेट की कंपनी? चंदगडची चार घरंही आमच्यात यायला तयार आहेत.

जुना हिशेबनीस

चार घरांवर मल्टिस्टेट होत नाही. २००२ च्या केंद्रीय कायद्यानं वैयक्तिक सभासदांची बहुराज्य संस्था काढायची तर प्रत्येक राज्यातून किमान ५० माणसं लागतात, आणि नोंदणी दिल्लीच्या निबंधकाकडं. ३४ जणांनी त्या वाटेला जाऊ नये. आपल्या भागात मल्टिस्टेटचे बोर्ड गल्लोगल्ली आहेत, पण रताळ्याला दिल्ली फक्त विकायला लागते.

कर्नाटकचा १९५९ चा सहकारी कायदा हा जुना रस्ता. निवडणूक, चौकशी, बरखास्ती या सगळ्यांत खात्याचा हात. त्याचा काच वाटतो, पण शहापूरच्या ताईंना विचारा, कुणाचाच हात नसला की काय होतं. सौहार्दचा कायदा १९९७ चा, लागू झाला २००१ पासून. त्यात सरकारी भांडवल नाही, त्यामुळं ढवळाढवळही कमी. पतव्यवहार करणाऱ्यांनी त्याचा भरपूर फायदा घेतला, चांगला आणि वाईट. उत्पादक कंपनी हा तिसरा रस्ता. दहा उत्पादक पुरतात, पाच संचालक लागतात, मत तिथंही माणशी एकच. मात्र दरवर्षी सीए लागतो, आणि फॉर्म उशिरा भरला तर दिवसाला १०० रुपये दंड, हे आधी समजून घ्या. अनुदान मिळतं म्हणून काढलेल्या आणि दंडातच बुडालेल्या कंपन्या मी बघितल्यात.

मला विचाराल तर यंदा यांतलं काहीच नको. आधी एक हंगाम एकत्र विकून बघा. कागद नंतर.

अनुभव बघायचा असेल तर उत्तर कन्नड जिल्ह्यात शिरसीला जा. तिथं सुपारी बागायतदारांची विक्री सोसायटी १९२३ पासून आहे. माल सोसायटीच्या आवारात येतो, तिथंच बोली लागते, व्यापारी तिकडं येतात. शेतकरी व्यापाऱ्याच्या गाळ्यात उभा नसतो, व्यापारी शेतकऱ्याच्या आवारात उभा असतो. उभं कोण राहतं यावर दर बराच ठरतो. आणि सोसायटी मालावर उचलही देते.

रताळेवाला

उचलीचाच घोर आहे काका. कृषी पत्तीनमधून बिनव्याजी पीककर्ज मिळतं, २०२३ पासून ५ लाखांपर्यंत. हे सगळ्यांना माहीत आहे. मग ३४ पैकी निम्मे लोक दलालाच्या दारात का? मी घरोघर विचारलं. कुणाचा उतारा अजून आजोबांच्या नावे आहे, वाटणीच झाली नाही. कुणी दुसऱ्याची जमीन वाट्यानं करतो, त्याला कागदच नाही. कुणाची जुनी थकबाकी. आणि ज्यांना कर्ज मिळतं त्यांना ते एकराच्या हिशेबानं मिळतं. मंजूर होऊन हातात पडेपर्यंत वेल लावून झालेला असतो. दलाल रात्री नऊला फोन उचलतो.

चंदगडी

मग तुमची संस्थाही रात्री नऊला फोन उचलणारी पाहिजे. आमच्या डेअरीचा सेक्रेटरी म्हैस आजारी पडली की बिलातून आगाऊ देतो. दहा दिवसांचं दूध हातात असतं, म्हणून त्याला भीती नाही. रताळं वर्षातून एकदाच येतं, तिथंच अडतं.

निपाणीकर

आणि एक. दर चढला की तुमचेच चौघे रात्री गुपचूप दलालाला माल घालणार. त्याचं काय करणार? आमच्या गटशेतीचं तिथंच पाणी झालं. पहिला फुटला तो सगळ्यात जास्त भाषण करणारा.

रताळेवाला

यावर उत्तर नाही माझ्याकडं. रविवारी बैठक आहे, तिथं हाच विषय काढतो.

*(नऊ दिवसांनी)*

रताळेवाला

मंडळी, उशीर झाला. बैठक झाली.

३४ पैकी २१ आले. न आलेल्या तेरा जणांची नावं वहीत लिहिली आणि बघत बसलो. तेराच्या तेरा जणांची उचल अजून फिटायची आहे. एकाचा निरोप आला, 'मी यायला तयार आहे रे, पण तिथं बसलेला कुणीतरी फोटो टाकेल.' त्याला दोष कसा देऊ? मागच्या वर्षी मीही आलो नसतो.

भांडण झालंच. माझ्या चुलतभावाचा मेहुणा मार्केटला दलालाकडं हिशेब लिहितो, त्याला सभासद करायचं की नाही. दीड तास गेला. शेवटी बायकांनी (आता पाच आहेत) सांगितलं की ज्याच्या शेतात रताळं पिकतं तो सभासद, दुसऱ्याच्या वहीत लिहिणारा नाही, जेवायला या. संपलं.

निपाणीकरांचा प्रश्न विचारला. कुणी वर बघेना. मग एक म्हातारे म्हणाले, सगळा माल बांधून घेऊ नका, निम्मा घ्या. निम्मा संस्थेला, निम्मा ज्याला जिथं टाकायचा तिथं. फुटायचं असेल त्यानं उजेडात फुटावं. हे लिहून घेतलंय.

नोंदणी यंदा नाही, काकांचं ऐकलं. उचलीसाठी प्रत्येकी दर महिना ३०० काढायचे ठरवलं. जूनपर्यंत फार जमणार नाही, तिघा-चौघांची थोडीफार गरज भागेल. कुणाला द्यायचं ते चिठ्ठीनं नाही, गरजेनं, आणि वही बेळगुंदीच्या ताई म्हणतात तशी मोठ्यानं वाचायची.

आणि एक खरेदी केली. प्रत्येकी ५०० काढून इलेक्ट्रॉनिक काटा घेतला, ३०० किलोचा, जुना पण चांगला. पुढच्या हंगामात माल गावातच तोलायचा, आमचीच पट्टी आम्ही करायची, दोन प्रती, एक ट्रकाबरोबर. मार्केटला वजन कमी भरलं तर २१ जणांची पट्टी एकदम पुढं ठेवायची. एकट्यानं विचारलं की 'माती असते ओ'. २१ जणांनी विचारल्यावर काय म्हणतात बघू.

जुना हिशेबनीस

काट्याला वजनमापे खात्याचा शिक्का आहे का? जुना घेतलात म्हणता. मुदत बघा. शिक्का शिळा असेल तर पहिल्याच दिवशी तुमचाच काटा खोटा ठरवतील.

मलप्रभातीर

तुमच्या पट्टीचा नमुना पाठवा. कन्नड-मराठी दोन्हीत करून देतो. मार्केटमधल्या हिशेबवाल्याला 'समजलं नाही' म्हणायला जागा नको.

शहापूरची सून

वहीत काय वाचलं ते दर महिन्याला इथं लिहा भाऊ. मी बघत राहीन.

रताळेवाला

लिहितो ताई. काका, शिक्क्याची मुदत संपलीय, सोमवारी घेऊन जातो. तोवर काटा आमच्या सोप्यात आहे. आजी रोज सकाळी पूजा झाली की त्यावर उभी राहते. काल ३८ भरलं. मी आकडा सांगितला तर माझ्याकडं बघून म्हणाली, 'कडता धरून सांगूल्यास काय रे?'